सात नंबरचा आवाज

अस्माला गप्प बसता येत नसे आणि नशराला बोलता येत नसे. एका घरात दोन बहिणींनी कामं अशी वाटून घेतली की बाकीच्यांची सोय होते. चपला घेताना "हिला अंगठ्याला टोचतात" हे अस्माने सांगायचं. डॉक्टरांनी कुठे दुखतं विचारलं की नशराने बहिणीकडे बघायचं. आई गेली तेव्हा नशरा सहा वर्षांची होती आणि अस्मा सोळाची. अस्माने तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं असं सगळा मोहल्ला म्हणे, आणि ते खोटं नव्हतं. फक्त त्या जपण्यात पोरीची जीभ कधी सुटलीच नाही, हे कळायला अठरा वर्षं गेली.

कळलं ते न्हावा शेव्याच्या एका कंटेनर कंपनीतल्या इंटरव्ह्यूमुळे. नशरा बी.कॉम. फर्स्ट क्लास, हिशेबात पक्की. समोरच्या साहेबाने एवढंच विचारलं, स्वतःबद्दल काही सांगा. नशरा दहा मिनिटं टेबलाच्या कडेकडे बघत बसली. शेवटी त्या माणसालाच तिची दया आली आणि त्याने पाणी मागवलं. घरी येऊन ती न्हाणीघरात कडी लावून बसली. असं तिसऱ्यांदा झालं होतं.

मग कुणीतरी अस्माला प्रणितचं नाव सांगितलं. प्रणित सुकापूरचा, आठवडाभर बंदरावर नोकरी करणारा आणि सुट्टीला बायकांना डोंगरात नेणारा. बारा जणींचा गट, महिन्यातून एक वारी, आणि तिसऱ्या खेपेला डोंगरावर तंबूत मुक्काम. सोबत वाटाड्या म्हणून डोंगराखालच्या वाडीतला काळूराम ठाकूर. पळस्प्याच्या नाक्यावर पहिल्या दिवशी सगळ्यांना गोल उभं करून प्रणित म्हणाला, "गड कोणीही चढतं, ताई. मला तुमचा आवाज ऐकायचाय. प्रत्येकीला एक नंबर. थांबा आला की गिनती. आपला नंबर आपणच म्हणायचा, दुसरीचा कोणी म्हणायचा नाही. एवढा एकच नियम आहे आपल्याकडे."

सोबत म्हणून आलेल्या अस्माला सहा नंबर मिळाला आणि नशराला सात.

पहिल्या गिनतीला सहापर्यंत गाडी धडधडत आली आणि अडली. नशराचे ओठ हलले, पण आवाज शेजारणीलाही गेला नाही. "पुन्हा एकपासून," प्रणित पुढून ओरडला. पुन्हा तेच. चौथ्यांदा एकपासून सुरू झालं तेव्हा ऊन चढलं होतं, बायका कपाळाला हात लावत होत्या, आणि नशराच्या मानेवर घामाचा ओघळ आला होता. अस्माला ते बघवेना. कारवीच्या दाट झाडीत रांग वळणावळणाने उभी होती, पुढून मागचं काही दिसत नव्हतं. तिने "सहा" म्हटलं, आणि लगेच मान खाली घालून, आवाज बारीक करून म्हटलं, "सात."

"वा, सात!" पुढून प्रणित खूश होऊन ओरडला. "आवाज खुलला बघ!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. नशराने बुटांकडे बघितलं. मला विचाराल तर तिथेच अस्माला कोणीतरी खडसावायला हवं होतं. पण टाळ्या वाजत असताना कोण खडसावतंय!

मग तो रिवाजच पडला. दुसऱ्या खेपेला उतरताना नशरा हळूच म्हणाली, "आपा, मला म्हणू दे ना."

"म्हण की. पुढच्या वेळी म्हण."

पुढची वेळ डिसेंबरात आली, मुक्कामाची. रात्र बरी गेली. सकाळी डोंगरावर धुकं इतकं की पुढचीची पाठ दिसेना. निघताना नशराने स्वतःची पिशवी स्वतः बांधली आणि म्हणाली, "आपा, आज तू पुढे चाल. मी शेवटी चालते, एकटी." अस्माने तिच्या पिशवीची गाठ एकदा ओढून बघितली, पण ऐकलं. तेवढं तरी ऐकलं. काळूराम एरवी सगळ्यांच्या मागे असे. त्या दिवशी एका बाईचा पाय मुरगळला होता, म्हणून तो तिला आधार देत पुढे गेला.

अरुंद वाटेवर एका वळणापाशी प्रणितने थांबवलं. गिनती सुरू झाली. अस्माने "सहा" म्हटलं. मागे धुकं होतं. नशरा वळणापलीकडे असेल, येतच असेल, आणि आली तरी तिच्याच्याने बोलणं होणार नाही, मग पुन्हा एकपासून. हा विचार मनात पुरा व्हायच्या आत तोंडातून गेलं, "सात." आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. "सगळ्या आल्या, चला," प्रणित म्हणाला.

अर्ध्या तासाने पाण्याच्या टाक्यापाशी सगळ्या जमल्या तेव्हा अकराच होत्या.

काळूराम मागे धावला, अस्मा त्याच्यामागे. वळणाच्या पलीकडे थोड्या अंतरावर कडेचे दगड ताजे सरकलेले होते. आणि खालून, कारवीच्या दाटीतून आवाज येत होता. अस्माला आधी तो ओळखूच आला नाही. गळा फाडून कोणीतरी ओरडत होतं, "सात! सात! सात!"

मोज्यातली कुसळं काढायला ती वाकली होती आणि पायाखालचा सुट्या मातीचा घसारा सरकला होता. वीसेक फूट खाली एका झुडपाने तिला धरलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. तिला झोळीत घालून वाडीपर्यंत आणायला दुपार झाली. ॲम्ब्युलन्समध्ये तिने एकच वाक्य उच्चारलं. "मला खाली ऐकू आलं होतं, आपा."

दवाखान्यात प्लेट बसवली. पाय इंचभर आखूड राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढचे दीड महिने नशरा गप्प होती. तिचा स्वभावच तसा, म्हणून कोणाला त्यात नवल वाटलं नाही. अस्मा रोज ठरवायची, आज अब्बांना सांगते. रोज अब्बा दुकानातून थकून यायचे आणि ती चहा ठेवायची.

अब्बांचं, म्हणजे अब्दुल्लाशेठचं, बाजारात ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान. माणूस शांत, पण मुलीचा पाय मोडला तिथे कसली शांती! त्यांनी वकिलाकडून तक्रार लिहून घेतली. पोलिसांत देण्याआधी समोरासमोर विचारायचं म्हणून प्रणित आणि काळूरामला घरी बोलावलं. दोघे सोफ्याच्या टोकावर बसले. प्रणितची दाढी वाढली होती. नशरा वॉकर पुढ्यात ठेवून खुर्चीवर होती. अस्मा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहिली.

"चाचा, मी गिनती घेतली," प्रणित म्हणाला. "बारा आवाज आले. सात मी माझ्या कानांनी ऐकला."

"माझी पोरगी खाली पडली होती," अब्बा म्हणाले. "मग सात कोण बोललं?"

प्रणितने काळूरामकडे बघितलं. काळूराम पागोटं हातात चुरगाळत म्हणाला, "शेठ, आमी पोटाची मान्सं. हा कागुद गेला तं मला रानात कोन नेनार नाय. पन गिनती झाली व्हती. मीबी आयकली."

"मी विचारतोय, सात कोण बोललं?"

आता सांग, अस्मा स्वतःला म्हणाली. तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि कप सरळ केले. आयुष्यभर दुसऱ्याचं सगळं जिने धडाधडा बोलून टाकलं, तिच्या तोंडून स्वतःचं एक वाक्य निघेना. तिने नशराकडे बघितलं. नशरा तिच्याचकडे बघत होती, आणि बराच वेळ बघत राहिली.

"मीच बोलले," नशरा म्हणाली.

खोलीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या.

"मी नंबर दिला आणि मग मागे गेले. बाटली राहिली होती. कोणाला सांगितलं नाही. यांची चूक नाही अब्बा, माझी आहे. तो कागद फाडून टाका."

आवाज खणखणीत होता, एकही शब्द अडखळला नाही. आपल्या या मुलीला सलग इतकं बोलताना अब्बांनी कधी ऐकलं नव्हतं. प्रणितचे डोळे भरून आले. "सात, अगं सांगून जायचं ना," तो म्हणाला, आणि मग त्याने तिला चार शब्द ऐकवलेसुद्धा, बेफिकिरीबद्दल, शिस्तीबद्दल. ती मान हलवत ऐकत होती. शेवटी अब्बांनी कागद फाडला आणि हात जोडले. "माफ करा. आमच्याच पोरीचा निष्काळजीपणा." आता मोहल्ल्यातही हेच सांगितलं जाणार होतं, आणि स्थळ बघायला येणाऱ्यांपुढेही. काळूराम जाताना नशराच्या पुढ्यात थांबला, "पोरी, नीट चाल आता," म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. चहा कोणी घेतलाच नाही.

नशरा वॉकर टेकत आतल्या खोलीकडे निघाली. अस्मा तिच्यामागे दारापर्यंत गेली. बाहेर अब्बा सोफ्यावर फाटलेले तुकडे गोळा करत होते.

"मी सांगणार होते," अस्मा कुजबुजली.

"मी थांबले होते. अब्बांनी दोनदा विचारलं."

अस्माला रडू फुटलं. "नशरा, सात मी..." जे निघालं ते बारीक होतं, डोंगरात ती काढायची तसंच.

नशरा वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि अस्माला तेच सोसलं नाही.

"ऐकू येत नाही, आपा. मोठ्याने बोल."

अस्माने बाहेर अब्बांकडे बघितलं. नशरा वॉकरला धरून एका पायावर भार टाकून उभी राहिली, वाट बघत. दुखायला लागलं तशी ती आत गेली आणि पलंगावर बसली.