चढ चढून आल्यावर

घोडी विकत घ्यायला आलेला मच्छिंद्र लगाम धरून तिच्याबरोबर प्रवरेकाठचा चढ धावत आला आणि थांबताक्षणी त्यानं तिच्या डाव्या कोपरामागं कान लावला. त्या काळी घोडी पारखायची हीच रीत होती. एवढं धावूनही जिचा ठोका संथ, ती घोडी अस्सल.

टांग्याच्या चाकाला टेकून सकीना बघत होती. बहात्तरचा उन्हाळा होता. कोल्हारला एस.टी. वाढल्या, तशी तिच्या नवऱ्याच्या, फक्रुद्दीनच्या टांग्याला उतारू मिळेनात. घोडी विकून पाऊसकाळापर्यंत निभवायचं दोघांनी ठरवलं होतं. पण परवा जनावरांच्या डॉक्टरांनी घोडीचं रक्त तपासलं आणि तेव्हापासून फक्रुद्दीनला घास जात नव्हता.

"लई शांत काळीज हाय," मच्छिंद्र धापा टाकत म्हणाला. "आमच्या अकोल्याच्या घाटाला अशीच पायजे."

"म्हनूनच देत न्हाई," फक्रुद्दीन म्हणाला.

डॉक्टरांचं बोलणं त्यानं थोडक्यात सांगितलं. गोमाशी चावून रक्तात बारीक किडे शिरलेत. पळ, थांब असं काळजाला सांगणाऱ्या नसा त्यांनी खाल्ल्या असाव्यात. अंगाला चढ लागतो, काळजाला त्याची खबरच पोचत नाही. इंजेक्शनं चालू आहेत, पण घाटात जुंपली तर उभ्या उभ्या कोसळेल.

मच्छिंद्र हसला.

"भाई, जीव अडकलाय म्हना की सरळ. किड्यांवर कशाला घालता?"

भाव वाढवून द्यायलाही तो तयार झाला.

फक्रुद्दीननं खाली बघितलं. खरं सांगून झालं होतं. आता नुसती होकाराची मान हलवून घोडी देऊन टाकली असती, तरी कुणी त्याला खोटं म्हटलं नसतं. तो सकीनाकडं वळला. तिनं पदर सावरला, क्षणभर घोडीकडं पाहिलं आणि पुढं आली.

"भाऊ, तुमी बी तिच्यासंगंच पळत आलात न्हवं?"

"व्हय."

"मग सोताच्या छातीवर हात ठिवून बघा की."

मच्छिंद्रनं थट्टेनंच हात ठेवला. घामानं चिकटलेला सदरा आतून उडत होता. दुसरा हात त्यानं घोडीच्या बरगडीवर ठेवला. तिथला ठोका उभ्या जनावराचा असावा तसा संथच होता. चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं, त्यालाही कळलं नसावं.

 मग लगाम न ओढता, तिच्या पावलानं चालत, तो तिला लिंबाच्या सावलीत घेऊन गेला.