मला बेकार लिही

मी बारावी पास आहे. म्हणजे कंपनीच्या कागदावर होते. त्यानंतरची पाच वर्षं, बी.एस्सी.ची तीन आणि एम.एस्सी.ची दोन, मी घरी बसून आईला भाकऱ्या थापायला मदत केली असं मुलाखतीत सांगितलं, आणि समोरच्या साहेबाने खूश होऊन मान डोलावली. घरकाम करणारी मुलगी त्याला पसंत पडली. सेंद्रिय रसायनशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेली मुलगी त्याने दारातूनच परत पाठवली असती.

खोटं बोलायची मला हौस नव्हती. एम.एस्सी.ची फाईल घेऊन मी दोन वर्षं महाडच्या एमआयडीसीत फिरले. लॅबमध्ये विचारायचे, अनुभव किती? अनुभव द्याल तेव्हा होईल ना, असं म्हटलं की हसायचे. मग रात्रपाळीचं निघायचं, आणि मुलींना रात्री ठेवत नाही म्हणून सांगायचे. लॅब नको तर नको, पॅकिंगला घ्या म्हटलं तर आणखी वेगळंच. "एवढं शिकून पॅकिंग? तुम्ही टिकणार नाही. आणि टिकलात तर बाकीच्या बायकांना शहाणपण शिकवाल." माझ्या शिक्षणाची लोकांना अशी भीती वाटत असेल हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटी मुदस्सरभाईंकडे गेले. ते कंपन्यांना माणसं पुरवतात. सकाळी त्यांच्या गाड्या नाक्यावरून कामगार उचलतात. त्यांनी माझी फाईल चाळली, त्यातून बारावीची गुणपत्रिका काढून बाजूला ठेवली आणि बाकीची फाईल माझ्याकडे सरकवली.

"बेटा, एवढीच दे. बाकीचं घरी कपाटात ठेव."

तेव्हापासून मी पावडर पॅकिंगला. पिंपावर ज्या रसायनाचं नाव चिकटवायचं त्याची रचना मला झोपेत काढता आली असती, पण मी ते नाव अक्षर अक्षर लावून वाचायचे. सुपरवायझरला संशय यायला नको म्हणून एकदा मीच विचारलं, "साहेब, पीएच म्हणजे काय हो?" त्याने बराच वेळ समजावलं आणि चुकीचं समजावलं. मी थँक्यू म्हटलं.

दिवाळीत मुदस्सरभाई म्हणाले, जूनपासून कंपनी चार बायकांना स्वतःच्या हजेरीपटावर घेणार आहे. म्हणजे ठेकेदार मध्ये नाही, पीएफ, भरपगारी रजा, आणि उद्या येऊ नकोस असं कोणी सहज म्हणू शकणार नाही. त्या चौघींत माझं नाव होतं. मला जूनपर्यंत फक्त अडाणी राहायचं होतं.

एप्रिल लागला आणि हुमेराचा फोन आला. हुमेरा एम.एस्सी.ला माझ्या बाकावर बसायची. आता त्याच कॉलेजात तासांवर शिकवते. किती तास मिळतील ते दर जूनला ठरतं आणि पैसे कधी मिळतील ते कधीच ठरत नाही. कॉलेज तपासायला समिती येणार होती. मागच्या पाच वर्षांत एम.एस्सी. झालेल्यांपैकी नोकरीला किती आणि त्यांची कमाई किती, हा आकडा समितीला दाखवायचा होता. एकतीस मार्चला कोण कुठे होतं ते धरायचं, आणि त्याच मुलांना पुढेही दर वर्षी विचारत राहायचं. ते फोन करायचं काम हुमेराच्या गळ्यात पडलं होतं.

"टक्का घसरला तर एम.एस्सी.चा वर्गच बंद करतील," ती म्हणाली. "मग माझे तासही गेले. तू नोकरीला आहेस ना?"

मी तिला सगळं खरं सांगितलं.

"मग तुला काय लिहू?"

"मला बेकार लिही."

"दर्शना, आधीच बेकार खूप झालेत गं."

"मग त्यात मी एक. हुमेरा, जूनपर्यंत माझं नाव कुठे यायला नको. हात जोडते."

तिने लिहिलं. स्वतःचे तास पणाला लागलेले असताना लिहिलं, म्हणून तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती आमच्या विभागप्रमुखांबद्दल, शेडगे सरांबद्दल. आकडा पाहून सरांचं तोंड कडू झालं. बेकार म्हणून लिहिलेल्यांची आपण जातीने खात्री करू, असं त्यांनी ठरवलं. वर्गात दोन वर्षांत ज्यांना माझं नाव आठवलं नाही, त्यांना माझं घर बरोबर सापडलं. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत. तिथवर गाडी जात नाही. सर रविवारी शेवटचा चढ चालत गेले, आणि मी महाडला ओव्हरटाईम करत होते. पुढचं सगळं आईने सांगितलेलं.

बाबा अंगणात जळणासाठी शेणी रचत होते. शेजारच्या राहीबाई काकू कुंपणाशी उभ्या. सरांनी घाम पुसत विचारलं, "दर्शना इथेच राहते ना? आमच्याकडे ती बेकार आहे अशी नोंद आहे."

आता बाबांचं सांगायला हवं. मुंबईत वीस वर्षं भाजीच्या पाट्या डोक्यावर वाहून त्यांनी मला शिकवलं. मी एम.एस्सी. झाले तेव्हा वाडीच्या मुंबई मंडळाने माझा सत्कार केला. शाल-श्रीफळ मला आणि फेटा बाबांना. त्या दिवसापासून वाडीत येईल त्याला बाबा काळ्या झग्यातला माझा फोटो दाखवायचे. कंपनीत मी काय म्हणून लागले ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. कंपनीत आहे, एवढंच सांगितलं होतं. अशा माणसासमोर, आणि राहीबाईंच्या देखत, कोणीतरी माझ्या नावापुढे बेकार म्हणालं होतं.

"बेकार? कोण बोलला सायेब?" बाबा हातातली शेणी टाकून उठले. "माझी पोरगी कंपनीत हाय. मोठ्या कंपनीत. मैना, तो डबा आण गो."

आईने दिवाळीला मिळालेला कंपनीच्या नावाचा स्टीलचा डबा आणला. बाबांनी माझा जुना गेटपास काढून दिला. तेवढ्यानेही त्यांचं समाधान होईना, म्हणून भिंतीवरचा फोटो उतरवून सरांच्या हातात ठेवला. सरांनी मोबाईलवर सगळ्याचे फोटो काढले आणि पगार विचारला.

"चांगला हाय," बाबा म्हणाले. "घरात टीव्ही आणला तिनं."

संध्याकाळी आईचा फोन आला. "तुझं सर आलेलं गो. बाबांनी समदं सांगितलं. सर लय खूश होऊन गेलं." मी हुमेराला फोन केला. तिने सरांना विनवून पाहिलं. सर म्हणाले, चांगली बातमी लपवायची कशाला? जन्मात कधी बातमी लपवून पोट भरावं न लागलेला माणूस असंच बोलणार.

मेमध्ये प्रवेश सुरू झाले आणि कॉलेजने नाक्यावर भलामोठा फ्लेक्स लावला. आमचे यशस्वी विद्यार्थी. त्यात झगा आणि टोपी घातलेली मी, खाली ठळक अक्षरांत एम.एस्सी., त्याखाली केमिस्ट, आणि त्याखाली कंपनीचं नाव. केमिस्ट हे सरांनी स्वतःच्या मनाने घातलं होतं. मुदस्सरभाईंची गाडी रोज तिथेच थांबते. गाडीतल्या बायकांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. एक म्हणाली, "गो बाय, ही तूच ना?" तिला खरंच आनंद झाला होता. तिने फोटो काढला आणि पॅकिंगच्या ग्रुपवर टाकला.

दोन दिवसांनी गेटवर माझं कार्ड चालेना. आत कचेरीतल्या साहेबाने मला बसायलाही सांगितलं नाही.

"तुम्ही कंपनीपासून माहिती लपवलीत."

"जास्त शिकले ते लपवलं साहेब. कमी शिकले असते आणि लपवलं असतं तर..."

"नियम एकच आहे. आणि हे केमिस्ट काय प्रकरण आहे? उद्या केमिस्टचा पगार मागाल."

मला रडू आलं नाही, संताप आला. बाहेर येऊन मुदस्सरभाईंना फोन केला. ते म्हणाले, "बेटा, कंपनीचं नाव फ्लेक्सवर चढलं, आता माझा इलाज नाही."

तशीच रिक्षा करून कॉलेजात गेले. समिती येऊन गेली होती, खूश होऊन गेली होती. शेडगे सरांनी माझ्यासाठी चहा मागवला. सर, माझी नोकरी गेली, फ्लेक्स उतरवा आणि नोंद दुरुस्त करा, असं मी म्हटलं. सर चष्मा पुसत म्हणाले, "नोंद एकतीस मार्चची आहे. त्या दिवशी तुम्ही नोकरीत होतात. आकडा बरोबर आहे."

"आणि फ्लेक्स?"

"प्रवेश होईपर्यंत राहू दे. मुलांना तुमच्यापासून प्रेरणा मिळते."

तो चहा त्यांच्या अंगावर ओतावा असं मला वाटलं. ओतला नाही, कारण दाराशी हुमेरा उभी होती आणि तिचे तास जूनला ठरायचे होते. मी चहा पिऊन बाहेर पडले.

घरी सांगणं भाग होतं. रात्री वाडीत पोचले तेव्हा बाबा जेवत होते. मी सांगत गेले तसा त्यांचा हात ताटात थांबला.

"म्हंजे मीच घालवली."

"तसं नाही बाबा."

"मी नाय तर कोण? डबा मी दाखवला, फोटो मी दिला." मग त्यांनी विचारलं, "जास्त शिकली म्हणून काढतात, असं पण असतं गो?"

ज्या शिक्षणासाठी या माणसाची मान पाट्यांखाली वाकडी झाली, ते लपवल्याशिवाय मला पॅकिंगचंही काम मिळत नाही, हे त्याला कोणत्या तोंडाने समजावायचं? मी त्यांच्या ताटात भात वाढला. त्यांनी तो खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा कोणाला न सांगता पांढरा सदरा घालून महाडला गेले. मुदस्सरभाईंच्या दाराशी दुपारपर्यंत उभे राहिले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. पोरीचा दोष नाय, मी अडाणी माणूस बोलून बसलो, एवढंच म्हणत राहिले. मुदस्सरभाईंनी मला दुसऱ्या कंपनीत लावलं. पगार आधीपेक्षा कमी. कायम होण्याची गोष्टच नको. "या वेळी दहावीच सांगू," ते म्हणाले. "बारावीवाल्यांची आता जास्त चौकशी करतात."

म्हणून आता मी दहावी पास आहे.

यंदा शिमग्याला घरी गेले होते. वाडी मुंबईवाल्यांनी भरलेली. दुपारी आमच्याच अंगणात पालखीची वाट पाहत सगळे बसले होते, माझा सत्कार करणारे मंडळाचे मालोजीकाकाही होते. तेवढ्यात एक तरुण मुलगा चढ चढून आला. कॉलेजात नवीन लागलेला, हुमेरासारखाच तासांवर असणार. नम्रपणे म्हणाला, "दर्शना भिकू जाधव यांचं घर हेच ना? त्यांचा फोन लागत नाही. एम.एस्सी. झालेल्यांची दर वर्षीची माहिती घ्यायची आहे. त्या सध्या काय करतात?"

मी ओटीवर होते. उठायला गेले, तोवर बाबा पुढे झाले होते.

"चुकला तुम्ही सायेब. इथं कोण एम.एस्सी. नाय."

मुलाने मोबाईलमध्ये पाहिलं. "पण पत्ता तर हाच आहे."

"असंल. माझी पोरगी दहावी हाय. पुढं नाय शिकवली मी तिला."

मालोजीकाका गोंधळून म्हणाले, "अरे भिकू, काय बोलतोस? आपण सत्कार नव्हता का केला तिचा?"

"तो दुसऱ्या कुणाचा असंल," बाबा म्हणाले.

कोणीतरी हसलं. बाबांनी तिकडे पाहिलं नाही. तो मुलगा थोडा वेळ घुटमळला, मग मोबाईल खिशात घालून चढ उतरून गेला. बाबा त्याला वळणापर्यंत पोचवून आले आणि माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"बरोबर बोललो ना गो?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो बाबा," मी म्हटलं. "बरोबर बोललात."