डोळ्यातला दुसरा ठिपका

भिंतभर पडदा. त्यावर खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याला बटण लावणारी एक बाई. ती इतकी हळू हलत होती, की सुई वर येईपर्यंत बघणाऱ्याला दोनदा जांभई यावी.

"काका, सकाळी एकाने मला विचारलं, हे चित्र अडकलंय का?" दालनाचा पहारेकरी हसत म्हणाला.

बाकावर बसलेले बाबा हसले नाहीत. पडद्यावरची बाई म्हणजे त्यांची बायको. तिला देवाघरी जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात तिची एकच व्हिडिओ टेप होती, बाबांनी स्वतः घेतलेली. लेकीने त्या टेपमधलं थोडंसं उचलून ताणून ताणून हे चालतं चित्र केलं होतं. उद्या प्रदर्शन उघडणार, म्हणून आज तिने बाबांना आधी बोलावलं होतं. आणि बाबा आले ते पिशवीत मूळ टेप घेऊनच. त्यांचा स्वभावच तसा होता.

आता एक सांगायला हवं. बाबांनी जन्मभर फोटो स्टुडिओत रिटचिंग केलं. सुरकुत्या पुसायच्या, मिटलेले डोळे उघडायचे, लग्नात रुसलेल्या आत्याबाईंना हसतं करायचं. शेवटी बारीक ब्रशने डोळ्यात पांढरा ठिपका ठेवला, की चेहऱ्यात जीव यायचा. देवाने माणसाला डोळे दिले विश्वास ठेवायला. या माणसाला मात्र त्याच डोळ्यांनी शंका शिकवली. कुठलाही सुंदर फोटो दिसला, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: कुणी केलाय?

आणि पडद्यावर त्यांची बायको मान वळवायला लागली.

आधी मानेवर एक मऊ उजेड आला. तो हनुवटीवर चढला, मग गालावर. पापणी उचलली गेली. तिने सरळ समोर पाहिलं आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू उमटलं.

बाबा उठून थेट पडद्यापाशी गेले.

"ठमे!"

लेक वायरींच्या गुंत्यातून धावत आली. चाळिशी उलटली तरी ती बाबांची ठमीच होती.

"बंद कर हे."

"का? आवडलं नाही?"

"तुझी आई कॅमेऱ्याकडे कधी बघायची नाही. कितीदा सांगितलं, एकदा इकडे बघ. नाही म्हणजे नाही. आणि तू तिला हसवतेस? कॉम्प्युटरकडून?"

"बाबा, मी फक्त वेळ ताणलाय. आत काही घातलेलं नाही."

"मला शिकवू नकोस. खिडकी कुठे आहे? डावीकडे. म्हणजे डोळ्यातला ठिपका डावीकडे. तो आहे, बरोबर. मग उजवीकडे, खाली, हा दुसरा कुठून आला? आणि गालावरचा उजेड? असले उजेड मी शेकड्याने टाकलेत. लोकांच्या बायकांना मी खोटं हसवलं. पण माझ्या बायकोच्या फोटोला कधी ब्रश लावला नाही." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "तीच एक खरी राहू दे म्हणून. उद्या हे दिसलं, तर मी तार उपटेन."

पहारेकऱ्याने उगाच दाराकडे पाहिलं.

लेकीने हात पुढे केला. "टेप द्या."

"ती बदललीस तर?"

"तुम्हीच घाला ना मशीनमध्ये!"

मागच्या खोलीत जुनं मशीन होतं. बाबांनी टेप घातली, मशीनची मागची बाजू वाकून पाहिली, कुठली जास्तीची तार नाही याची खात्री केली आणि मग बटण दाबलं. छोट्या पडद्यावर बायको भराभर टाके घालत होती, ओठांत देवाचं नाव गुणगुणत. मध्येच चेहऱ्यावर काहीतरी लकाकलं आणि गेलं.

"हा टेपचा दोष," बाबा म्हणाले. "पहिल्यापासून आहे."

"एकेक चित्र पुढे सरकवा."

बाबांनी मशीनवरची चकती बोटाने हळूहळू फिरवली. लकाकी फुटली आणि तिचा उजेड झाला. तो गालावर चढला. पापणी उचलली गेली. डोळ्यात डावीकडे एक ठिपका होता, उजवीकडे, खाली, दुसरा. इथेही.

बाबांचा हात चकतीवरच राहिला.

"दोष नाही तो," लेक हळूच म्हणाली. "तुमचा दाढीचा आरसा. मी तेव्हा लहान, तुमच्या मागे जमिनीवर बसले होते. खिडकीतलं ऊन आरशात धरून आईच्या तोंडावर पाडत होते. ती माझ्याकडे बघतेय, बाबा. कॅमेऱ्याकडे नाही."

"आरसा तर त्याच दिवशी फुटला. तिच्या हातून."

लेक पायाशी पडलेली वायर गुंडाळू लागली.

"तिच्याच हातून ना?"

"ती तसं म्हणाली."

बाबांना सगळं आठवलं. आरशापायी धरलेला अबोला, ताटावर बसून भिंतीशी बोलणं, आणि बायकोचं ते खाली मान घालून हसू दाबणं. तेव्हा त्यांना वाटलं होतं, हिला पस्तावा होतोय.

"म्हणजे फसवणूक झालीच होती," ते सावकाश म्हणाले. "चित्रात नाही, घरात. दोघींनी मिळून!"

"हो," लेक म्हणाली. तिला हसावं की रडावं कळेना.

बाबांनी टेप काढून पिशवीत ठेवली आणि पुन्हा दालनात जाऊन बाकावर बसले. पडद्यावर चित्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं होतं, सुई नुकती खाली निघाली होती.

पहारेकरी किल्ल्या वाजवत आला. "काका, निघायचं का? मॅडम, बंद करू ना पडदा?"

लेकीने बाबांकडे पाहिलं.

"थांबा हो जरा," बाबा म्हणाले. नजर पडद्यावरून हलली नव्हती. "ती अजून वळायचीय."