अंगवळणी पडलेला फिल्टर

मित्रांनो, मी डायलिसिसचा एक जुना फिल्टर आहे. अकोल्याच्या एका दवाखान्यात, पोटात जंतुनाशक भरून मी फळीवर पडून असतो. माझ्यावर सुंदराबाईच्या नावाची चिठ्ठी आहे. तिची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, म्हणून आठवड्यातून दोनदा तिचं रक्त माझ्यातून गाळलं जातं. मग मला धुतात आणि पुन्हा तिलाच लावतात.

माझं मूळ कापसात आहे. सरकीला चिकटून राहणारी बारीक लव असते ना, तिच्यातल्या सेल्युलोजपासून केसाएवढ्या हजारो पोकळ नळ्या केल्या. नळीची भिंत कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. तिच्यातून घाण बाहेर जाते, रक्त आतच राहतं. याचा मला केवढा तोरा होता!

पहिल्याच दिवशी तो उतरला. सुंदराबाईचं रक्त माझ्या कोऱ्या भिंतींना लागलं आणि तिला हुडहुडी भरली. रक्ताला मी परका होतो. पण त्यातली प्रथिनं भराभर येऊन माझ्या भिंतींना चिकटली. धुतल्यावरही तो थर पुरता निघाला नाही. पुढच्या खेपेला रक्ताला मी आपलाच वाटलो. थंडी नाही, खाज नाही. "लय गुणाचा हाय हा," म्हणत सुंदराबाईनं मला थोपटलं आणि मी हुरळून गेलो.

पण दिसतं तसं नसतं, मित्रांनो. दर खेपेला थर वाढत गेला. भिंतींची छिद्रं बुजली, कित्येक नळ्या तर कायमच्या बंद झाल्या. मशीन चालवणारा मनोज मला धुतल्यावर माझ्यात किती पाणी मावतं ते मोजतो. नवा होतो तेव्हा शंभर मिलिलिटर मावायचं. ऐंशीच्या खाली गेलं की फिल्टर फेकायचा, असा नियम आहे. मागच्या मंगळवारी अठ्ठ्याहत्तर भरलं.

"मावशी, हा बदलावा लागते आता."

"काहून? चांगला तर चालून राहिला! नव्यानं मले थंडी भरते. नोको बाबा, तुले माही शपथ."

मनोजला तिची दया आली. त्यानं वहीत ब्याऐंशी लिहिलं. मला तेव्हाच धडकी भरली.

शुक्रवारी सुंदराबाईची पावलं सुजलेली होती. तिची लेक माया म्हणाली, "भाऊ, आई दिवसभर झोपूनच राह्यते. जेवण बी कडू लागते म्हणते." सुंदराबाईनं खापर गावच्या खाऱ्या पाण्यावर फोडलं. मनोजनं मला मशीनला लावलं, मग धुऊन मोजलं. त्या दिवशी चौऱ्याहत्तर भरलं होतं. वहीत पुन्हा ब्याऐंशी.

आज मंगळवार. सुंदराबाई धापा टाकत खाटेवर टेकली आहे. "माहाच लाव," एवढंच ती बोलू शकली. मनोजनं मला फळीवरून उचललं आहे. शेजारच्या खोक्यात नवा फिल्टर आहे. त्यानं हुडहुडी भरेल, पण हुडहुडीवर इंजेक्शन आहे. माझ्यानं तिला काहीच त्रास होणार नाही. ती शांत झोपेल आणि विष रक्तातच राहील.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात की आम्हाला जपा. मी उलटं मागतो आहे. मला जपू नका, मला फेकून द्या. पण माझा आवाज या खोलीत कुणालाच ऐकू जात नाही. माया, तू तरी त्याला विचार गं, शुक्रवारी खरं किती भरलं ते.