लेखिकेची प्रत

मी एक पेन ड्राइव्ह बोलतोय. सध्याचा पत्ता, कोर्टाच्या कपाटातलं सीलबंद पाकीट. पाकिटावर लिहिलंय, 'पायरसीचा मुद्देमाल'. चोर कोण ते मला ठाऊक आहे, पण माझी साक्ष कोण काढणार?

माझा जन्म एका बड्या मनोरंजन कंपनीतला. प्रदर्शनाआधी सिनेमा बघायला अकरा जणांना प्रती जायच्या. ज्याची प्रत त्याचं नाव चित्राच्या मधोमध, पुसट अक्षरांत, सबंध सिनेमाभर. प्रत फुटली तर चोर सापडावा म्हणून. माझ्यातल्या प्रतीवर लेखिकेचं नाव होतं.

चार वर्षं खपून तिने हा सिनेमा लिहिला होता. थोरल्या बहिणीला शेजारी बसवून तिने मला लावलं. शेवटी नामावली आली. लेखन : कंपनीचा कथा विभाग.

"अगं, तुझं नाव कुठाय?"

"दोन तास काय बघत होतीस, ताई? नाकासमोर होतं की."

ताई हसली नाही.

दुसऱ्या दिवशी लेखिकेने मला कंपनीत परत केलं आणि पोच मागितली. प्रसिद्धी अधिकारी म्हणाला, "पोच कसली मागता, मॅडम? तुम्ही घरच्याच." ती पोच न घेताच परतली. तिची चूक झाली ती एवढीच.

त्याच अधिकाऱ्याने मला खिशात घालून मेव्हण्याकडे नेलं. "बघ आणि दे. कुठे बोलू नकोस." मेव्हण्याने दिलं परत, पण नक्कल ठेवून घेऊन. आठवड्याभरात सिनेमा घरोघरच्या फोनवर. फुकट बघणारे वर कुरकुरले, मध्येच हे कुणाचं नाव कडमडतंय? मग चोरांनी नाव पुसून 'स्वच्छ प्रत' काढली आणि सगळीकडे तीच उरली. कंपनीने तिचं नाव गाळलं, चोरांनी खोडलं. फरक इतकाच की चोरांनी तिला वर नोटीस पाठवली नाही.

कंपनीच्या वकिलाने तिला बोलावून माफीनामा पुढे सरकवला. "बोभाटा झाल्यावर तुम्ही प्रत परत केलीत, असं आमच्याकडे नोंदलंय. सही करा, विषय संपेल. नाहीतर या धंद्यात तुम्हाला कुणी उभं करणार नाही."

तिने चष्मा लावून वाचलं. "'सदर चित्रपटाची लेखिका या नात्याने मला प्रत मिळाली.' हे तुम्हीच लिहिलंत?"

"मग? प्रत तुमच्याकडे आली कशी, ते दाखवायला नको?"

"आणि नामावलीत?"

"तो विषय वेगळा आहे, मॅडम."

"माझा तोच आहे, वकीलसाहेब." सही न करता तिने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

आता कंपनीचा खटला तिच्यावर, चोरीचा. तिचा कंपनीवर, नावाचा. वकिलाचा शब्द खरा ठरला, वर्षभर तिला काम नाही. आणि कंपनीचा नवा अर्ज असा की मी चोरीचा माल, मला नष्ट करावं. तिच्या नावासकटचा सिनेमा आता माझ्याखेरीज कुठे सापडत नाही.

न्यायाधीश महाराज, नष्ट करायचं तर करा. पण त्याआधी भर कोर्टात मला एकदा लावा, आणि कंपनीच्या साहेबांना समोर उभं करून ते नाव मोठ्याने वाचायला सांगा.