पाच टाक्या आणि दुपारची झोप

पहिली टाकी

हिच्यात स्पंजचा फिल्टर. साबणाच्या वडीएवढा काळा तुकडा, मधून नळी, नळीत हवा. हवा वर जाताना पाणी ओढते, पाणी स्पंजातून जातं, घाण तिथेच अडकते. सूनबाईनं हे समजावून सांगितलं तेव्हा सासरे खाटेवर मांडी घालून मान डोलावत होते. मान डोलावण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

तिच्या माशांच्या टाक्यांसाठी घरात एवढीच जागा उरली होती: सासऱ्यांची खोली, खाटेचा पायथा, लोखंडी मांडणी.

‘‘बाबा, आवाजाचा त्रास होईल का? खरं सांगा हं.’’

‘होईल थोडा’ एवढं म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच मिटली असती. पण सासऱ्यांना गोड बोलायची भारी हौस.

‘‘अगं, त्रास कसला? झऱ्याकाठी झोपल्यासारखं वाटेल.’’

सूनबाईला ते वाक्य इतकं आवडलं की तिनं ते आईला फोनवर सांगितलं, कामावर सांगितलं, जिन्यात भेटलेल्या शेजारणीलासुद्धा सांगितलं. आता ते परत तोंडात कोंबायचं कसं?

दुसरी, तिसरी, चौथी

सूनबाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. ‘असेल बहुतेक’ हे शब्द तिच्या तोंडून कधी निघायचे नाहीत. लहान टाक्यांना कोणता फिल्टर बरा, यावर दुकानदारानं एक सांगितलं, व्हिडिओवाल्यांनी भलतंच. ती म्हणाली, आपणच बघू. दुसऱ्या टाकीत कोपऱ्यातला डबा, आत कापूस नि खडे. तिसरीत काचेला बाहेरून टांगायचा, धबधब्यासारखं पाणी सोडणारा. चौथीत पाण्यात बुडवायची मोटर. मासे सारखे, खाणं सारखं. जो टिकेल तो सगळ्या टाक्यांना.

स्पंजच्या टाकीत पिल्लं होती. पापणीच्या केसाएवढी, त्यात दोन डोळे. याआधी तिची पिल्लं कधी जगली नव्हती. ‘‘या खेपेला गेली तर मांडणीसकट सगळं दुकानात परत,’’ असं ती म्हणाली होती, आणि सूनबाई बोलली की करते.

सगळ्यांची वीज एका बोर्डावरून. लाल बटण. खाटेवरून हात लांबवला की पोचेल, असं.

(बटणाबद्दल आधीच सांगायला हवं होतं. सासऱ्यांनीही तेच केलं नाही.)

बटण

सासऱ्यांचं आयुष्य वजनमाप खात्यात गेलं. बाजारात त्यांना मापसाहेब म्हणत. पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा ते लांबूनच ओळखायचे, आणि तराजूला सील ठोकायचे तेव्हा भलेभले दुकानदार गयावया करायचे. निवृत्तीनंतर त्यांनी जगाकडे एकच गोष्ट मागितली: जेवणानंतर घटकाभर डोळा लागावा.

आणि मोटर गुरगुरत होती. डबा गुळण्या करत होता. धबधब्याच्या आवाजानं तर त्यांना सारखं उठून मोरीकडे जावं लागत होतं.

पहिल्या दुपारी त्यांनी बटण बंद केलं ते ‘आजच्या दिवस’ म्हणून. सूनबाई यायच्या आत चालू केलं. दुसऱ्या दुपारीही आजचाच दिवस होता. तिसऱ्याही.

झोप मात्र अशी लागायची, की विचारू नका.

पाचवी टाकी

हिच्यात फिल्टरच नव्हता. नुसती दाट झाडं. तुलनेला म्हणून ठेवलेली.

ही एकटी छान चालली.

बाकीच्यांत पाणी दुधाळ झालं. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. तिसरीतला एक मेला, मग चौथीतले. सूनबाई कामावरून आली की पर्स खांद्यावर तशीच ठेवून आधी काचेला नाक लावायची.

‘‘बाबा, तुम्ही दिवसभर इथे असता. तुम्हाला काय वाटतं?’’

‘‘मला त्यातलं काय कळतंय?’’

‘‘असं कसं? जन्मभर मापात पाप पकडलंत. तुमची नजर चुकायची नाही.’’

आता गप्प बसायचं की नाही? पण कुणी नजरेची स्तुती केली की मापसाहेब फुगायचे. ते चष्मा सावरून वाकले आणि म्हणाले, ‘‘तिसरा जरा नरम वाटतो.’’

शब्द बाहेर पडला नि त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण सूनबाईनं तोवर फोन लावला होता.

दुकानदार आला. बोलणं थांबतच नाही म्हणून सगळे त्याला बुडबुडा म्हणत.

‘‘ताई, हा फिल्टर मी माझ्या घरी लावलाय. बायकोपेक्षा जास्त टिकेल असं म्हणालो होतो, तर बायको आठवडाभर बोलली नाही.’’

‘‘तो नरम पडतो. बाबांनी पाहिलंय.’’

बुडबुड्यानं सासऱ्यांकडे पाहिलं. ‘‘काका, मध्ये बंद-बिंद तर नाही ना पडत?’’

‘‘छे. चालूच असतो,’’ सासरे म्हणाले.

‘‘मग माझाच माल खराब. काकांनी सांगितल्यावर प्रश्नच नाही.’’ त्यानं फिल्टर पिशवीत टाकला आणि जाताना सासऱ्यांच्या पाया पडला. सासऱ्यांनी पाय मागे घेतले. त्याला वाटलं, विनय.

पुन्हा पहिली

बटण मात्र पुढच्या दुपारीही बंद झालं. हे लिहायलाही बरं वाटत नाही, पण झालं. आणि सासऱ्यांना जाग आली ती कडीच्या आवाजानं. सूनबाई दारात होती, बोर्ड बंद होता. त्यांनी चटकन हात लांबवला. तिला दिसलं नाही. तिला फक्त पिल्लं दिसली. काही तळाशी पांढरी पडलेली, काही वर गोल गोल फिरणारी.

ती रडली नाही. मोरीतून बादल्या आणल्या, जाळी आणली.

‘‘काय करतेस?’’

‘‘भरते सगळं. बुडबुड्याला देऊन टाकते. माझ्याच हाताला यश नाही, बाबा. उगाच फिल्टरना नावं ठेवतेय.’’

तिनं पहिल्या टाकीत जाळी बुडवली.

‘‘बटण,’’ सासरे म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘ते बटण मी बंद करत होतो. दुपारी. झोपायला.’’

जाळीतून पाणी गळत राहिलं.

‘‘कधीपासून?’’

‘‘पहिल्यापासून.’’

‘‘म्हणजे तो तिसरा फिल्टर...’’

‘‘चांगला असेल.’’

‘‘आणि तुम्ही म्हणालात नरम आहे.’’

ओरडली असती, भांडं आपटलं असतं, तर सासऱ्यांना बरं वाटलं असतं. तिनं जाळी फक्त बादलीवर आडवी ठेवली.

‘‘मी विचारलं होतं, बाबा. खरं सांगा म्हणाले होते.’’

त्यांनी खाटेवरची चादर सारखी केली. ती आधीच सारखी होती.

मग

बादल्या रिकाम्याच परत मोरीत गेल्या. सूनबाईनं चारही टाक्यांत स्पंज बसवले, झाडांची टाकी तशीच ठेवली. हवेचा एकच पंप, तो खोलीबाहेर पॅसेजमध्ये खिळ्याला टांगला, पाण्यापेक्षा उंच, म्हणजे वीज गेली तर पाणी नळीतून उलटं यायचं नाही. बारीक नळी खिडकीच्या फटीतून आत घेतली. ओतलेला चहा निवायच्या आत काम झालं. खोलीत आवाज उरला तो नुसता बुडबुड्यांचा, कान देऊन ऐकावा लागेल इतका.

एवढंच करायचं होतं. पहिल्या दिवशी एक शब्द, आणि एवढंच.

पंपाचं बटणही बाहेर गेलं. त्यावर तिनं लॅबमधली पांढरी पट्टी आडवी चिकटवली. कुणाला उद्देशून काही बोलली नाही. सील म्हणजे काय, हे मापसाहेबांना सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सासरे झोपले नाहीत. दुकानात गेले. बुडबुड्यानं सगळं ऐकलं, आणि कधी नव्हे ते एकच वाक्य बोलला, ‘‘मी तुमच्या पाया पडलो होतो, काका.’’

परतताना जिन्यात सूनबाईची गाठ पडली. दोघं वर चढत असताना शेजारणीनं दार उघडलं.

‘‘काय काका, झऱ्याकाठी झोप कशी लागते?’’

सूनबाईचं पाऊल पायरीवर क्षणभर अडखळलं. मग ती पुढे निघाली.

‘‘आवाज होता,’’ सासरे म्हणाले. ‘‘पहिल्या दिवसापासून होता. मीच खोटं बोललो.’’

शेजारीण हसली, तिला ती थट्टा वाटली. वर कुलूप उघडल्याचा आवाज आला. सूनबाईनं ऐकलं की नाही, हे सासऱ्यांना कळलं नाही.

दार तिनं उघडं ठेवलं होतं.