थोरल्यांची तलवार

मी सहादू. करंजवणी ते सुरगाणा जीप चालवतो, आणि आमच्या सरकारांच्या दोन तलवारी सांभाळायचं काम बापाकडून माझ्याकडं आलं. जीपचं काही सांगण्यासारखं नाय. तलवारीचं सांगतो, पण मधे शहाणपणा करू नका. शहाणपण सांगणारे मला लय भेटले, त्यातला एक पण त्या दिवशी अंगणात नव्हता.

करंजवणीचं राज्य कधीच गेलं. राहिलं ते घर, भाताची खाचरं आणि 'सरकार' हा शब्द. आमच्याकडं गादीवर सत्तर वर्षांचा म्हातारा बसला तरी त्याला म्हणायचं 'धाकटे सरकार'. का, तर थोरले डोहात. पहिल्या राणीला जुळं झालं होतं. आधी जन्मलं त्याच्या अंगावर खवले, आणि त्याचा श्वास लागून पाळण्याची दोरी करपायची. मागून आलं ते माणसाचं. पुढं वाटणी झाली. थोरल्याला डोह आणि डोंगर, धाकट्याला गादी आणि माणसं, दोघांना एकेक तलवार. धाकट्याच्या किती पिढ्या झाल्या, पण थोरले मेले नायत. आमच्याकडं साप हा शब्द कुणी तोंडातून काढत नाय, लांबडं म्हणतात. त्यांना तर तेही म्हणायचं नाय, नुसतं थोरले म्हणायचं.

लग्नाची रीत पण अशीच. नवरा मांडवात जात नाय, त्याची तलवार जाते. मंगलाष्टकं तिच्यासमोर होतात आणि नवरी ती तलवार कुशीत घेऊन सासरी येते. ज्याची तलवार, त्याची बायको. म्हणून थोरल्यांची तलवार घराबाहेर काढायची नाय, हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून पाठ होतं.

आता माझी चूक. शहाण्णव सालची खंडेनवमी. त्या दिवशी दोन्ही तलवारी चिंच आणि राखेनं घासायच्या, लग्न सोडलं तर वर्षातून तेवढ्याच वेळी म्यानातून काढायच्या. मुठी दोन्हींच्या सारख्या. फरक पात्यावर, थोरल्यांच्या पात्यावर मुठीजवळ खवले उठलेले, आणि ते पातं कायम जरा कोमट. लाल मखमलीचं म्यान धाकट्यांचं, काळं चामड्याचं थोरल्यांचं. मी म्यानं उन्हात ठेवली होती, बाहेर सुरगाण्याचे पॅसेंजर हॉर्न वाजवत होते, आणि माझं डोकं आधीच फिरलेलं. घाईघाईत तलवारी म्यानात सारल्या आणि गेलो.

दोन महिन्यांनी रोहितरावांचं लग्न निघालं. आमचे धाकटे सरकार, सव्वीस वर्षांचे. नाशिकला कॉलेजात असताना तेजस्विनी नावाची कळवणची मुलगी त्यांना आवडली, आणि त्यांच्यापेक्षा जास्त ते तिला आवडले. सुट्टीत तिची पत्रं यायची, सुरगाण्याच्या पोस्टातून मी आणून द्यायचो. पत्र हातात पडलं की हा माणूस जिन्यावरच बसून वाचायचा, जेवण गार व्हायचं. त्यांच्या आईसाहेबांनी, सगुणाबाईंनी, एकच अट घातली की लग्न आपल्या रीतीनं व्हायचं. मी लाल म्यानातली तलवार मांडीवर घेऊन जीपनं कळवणला गेलो.

मुलीचे वडील खंडेराव कांद्याचे मोठे शेतकरी. पाचशे माणूस मांडवात. पाटावर तलवार उभी केली, तेजस्विनीताईंनी तिच्यावर हात ठेवला आणि हळूच मला विचारलं, "सहादूदादा, ही गरम का लागते?"

मी हात लावला. मखमलीतून ऊब येत होती, तापलेल्या कपाळासारखी. मला कळलं, सगळं कळलं. पण पाचशे माणसांच्या हातात अक्षता होत्या, भटजींनी घसा साफ केला होता, आणि माझी लाज मला त्या पोरीपेक्षा मोठी वाटली. मी म्हणालो, "उन्हात होती, ताई." मांडवात ऊन कुठं होतं? लग्न लागलं.

परतीच्या वाटेवर ताई मागच्या सीटवर तलवार कुशीत घेऊन बसल्या होत्या. घाटात एकही पाखरू बोललं नाय. करंजवणीत शिरलो तर गावातली कुत्री रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पोट जमिनीला लावून निजली होती, डोळे उघडे. दुपारचे तीन वाजले असतील. मी देवाला म्हणत होतो, मला वाटतं तसं नसू दे.

उंबऱ्यावर माप भरून ठेवलं होतं. रोहितराव हसत पुढं आले, त्यांनी ताईंच्या हातातून तलवार घेतली आणि रीतीप्रमाणं म्यानातून ओढली. खवले चकाकले. सगुणाबाईंच्या हातातलं ओवाळणीचं ताट खाली गेलं. त्यांनी मापासमोर आडवा हात धरला आणि थंड आवाजात सांगितलं की ही आता थोरल्यांची झाली, हिला धाकट्यांच्या उंबऱ्यातून आत घेता येणार नाय.

तेवढ्यात खाली डोहावर वाफ उठली. उतारावरच्या वाळल्या गवतात एक काळी रेघ वर सरकायला लागली. धूर नाय, आवाज नाय, गवत नुसतं काळं होत होतं. मग ते अंगणात आले. डोकं माझ्या जीपच्या बॉनेटएवढं, मागचं अंग अजून निम्म्या उतारावर. दारावरचं आंब्याच्या पानांचं तोरण जागच्या जागी चुरगळलं. त्यांनी डोकं जमिनीवर टेकवलं आणि वर पाहिलं. डोळे घारे, हुबेहूब रोहितरावांचे. त्या डोळ्यांत राग नव्हता, ते नवरीकडं बघत होते. मला सगळ्यात भीती त्याचीच वाटली.

रोहितराव उघडी तलवार घेऊन उन्हात मधे उभे राहिले. म्हणाले, "ही माझी बायको आहे." पातं लाल झालं. मूठ तापली, त्यांच्या तळव्याच्या कातडीचा वास आला, तरी बोटं सुटेनात. थोरल्यांनी तोंड उघडलं. आत चुलीसारखा उजेड होता.

तेजस्विनीताई माझ्याकडं वळल्या. "दादा, मांडवात तुम्हाला माहीत होतं?"

मी मान हलवली. खोटं बोलायची ताकद राहिली नव्हती. त्यांनी मला शिवी द्यायला हवी होती, दिली नाय. मग डोक्यावरून पदर घेतला आणि रोहितरावांसमोर गेल्या. ज्या माणसाला पानपानभर पत्रं लिहिली, त्याच्यासमोर.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "बाजूला व्हा. उन्हात उभे राहू नका."

एवढा एकच शब्द, भाऊजी. बाई नवऱ्याच्या धाकट्या भावाला म्हणते तो. रोहितरावांच्या हातातून तलवार गळाली. थोरल्यांनी तोंड मिटलं. ताईंनी तलवार उचलली, त्यांच्या हाताला ती भाजली नाय. काळ्या रेघेवरून त्या थोरल्यांच्या मागं चालत उतरल्या आणि डोहात गेल्या. पाणी हललं सुद्धा नाय. मी अंगणात बसून लहान पोरासारखा रडलो.

खंडेरावांना काय सांगायचं ते सगुणाबाईंनी सांगितलं. मला ते विचारू नका.

याला आता बारा वर्षं झाली. खंडेनवमीला मी एकच तलवार घासतो. रोहितरावांनी परत लग्न केलं नाय. त्यांच्या उजव्या तळव्यावर मुठीचा वण हाय, त्या हातानं घास उचलता येत नाय, डाव्यानं जेवतात. मला एका शब्दानं कधी बोलले नाय. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटतं.

पण ताईंनी मला दादा म्हटलं होतं ना, म्हणून भाऊबीजेला मी साडी घेऊन डोहावर जातो. पहिल्या वर्षी लाजेनं मान वर करवली नाय. दिवस माथ्यावर असतो, पाणी कोमट असतं. आधी पाण्याखाली उजेड दिसतो, मग हिरव्या बांगड्यांचा हात वर येतो, ताट धरलेला, आणि ताटातलं निरांजन पेटलेलं. मला ओवाळतात. साडी घेतात. त्या हातावर आता मनगटापासून कोपरापर्यंत बारीक खवले आलेत, दर वर्षी बोटभर वर सरकतात. आवाज मात्र तोच, कळवणचा. दर वेळी एकच निरोप देतात.

मी परत येतो तेव्हा रोहितराव अंगणात त्याच जागी, भर उन्हात उभे असतात. सकाळपासून. आईसाहेब गेल्यापासून त्यांना आत बोलवायला कुणी नाय. ते विचारतात, "काय म्हणाली?"

मी सांगतो, "म्हणाल्या, भाऊजींना उन्हात उभं राहू देऊ नका."

ते मान हलवतात आणि सावलीत येऊन बसतात.